पंचेचाळीस सालचं पिस्तूल

ड्यूवॉल, नेब्रास्का
८ सप्टेंबर १९९१

प्रिय वेंडेल,

नाताळच्या कार्डाशिवाय मी तुला कधी काही लिहीत नाही, तेव्हा पाकीट पाहूनच काहीतरी काम असणार हे तू ओळखलं असशील. आहेच.

बाबांना जूनपासून वृद्धाश्रमात ठेवलंय. पायऱ्या चढवत नाहीत. डोकं मात्र ठणठणीत आहे. जेवणात हिरवी जेली परत किती दिवसांनी आली, हे तारखेसकट सांगतात. घर आवरताना त्यांचं युद्धातलं पिस्तूल मी बाहेर काढून ठेवलं. ते टोप्यांच्या खोक्यात असतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. दर अकरा नोव्हेंबरला, माजी सैनिकांच्या दिवशी, बाबा त्यांचा करडा सूट घालून ते शाळेत नेतात आणि जर्मन अधिकाऱ्याकडून ते कसं मिळालं याची गोष्ट मुलांना सांगतात. मी त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं आहे. बटाटे सोलता सोलता गोष्ट मला पाठ झालीय.

यंदा इथल्या माजी सैनिक संघाने ठरवलंय की पिस्तूल त्यांच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत ठेवायचं. खाली पितळी पाटी, बाबांचं नाव आणि चार ओळींत गोष्ट. वेंडेल, बाबांना आता दुसरं काही नको आहे. ती पाटी कुठल्या लाकडावर बसवणार, हेसुद्धा ते मला रोज विचारतात.

विम्यासाठी किंमत लिहून हवी आहे. सैन्यातल्या जुन्या पिस्तुलांवर तू पुस्तकच लिहिलंयस. दोन ओळी लिहून पाठवशील?

तुझी चुलत बहीण,
लॉर्ना


हार्लन, इंडियाना
१९ सप्टेंबर १९९१

प्रिय लॉर्ना,

दोन ओळी मी कुणालाच लिहून देत नाही. तीस वर्षं मी गारपिटीने मोटारींना पडलेले पोचे मोजून विमा कंपनीला कळवत होतो. मालक शेजारी उभे राहून रडायचे आणि मी पोचे मोजायचो. पिस्तुलांचंही तसंच आहे. माझ्या पुस्तकाचं पहिलं वाक्य आहे: ‘पिस्तुलाकडे बघा, पिस्तूल दाखवणाऱ्याकडे बघू नका.’

आधी काय करायचं नाही ते सांगतो. पॉलिश लावायचं नाही. तारेच्या घासणीने घासायचं नाही. तुमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात पातेली चकाकवतात म्हणून सांगतोय. कारखान्यात चढवलेला मूळ निळा मुलामा किती टक्के शिल्लक आहे, यावर किंमत ठरते. तो एकदा गेला की गेला, बायकांच्या ओठांवरच्या रंगासारखा परत चढवता येत नाही. मला सवयच लागलीय बघ. परवा चर्चमध्ये आमच्या पाद्रीबाईंना पाहिलं आणि मनात आलं, साठ टक्के, कडा झिजलेल्या.

आता करायचं ते. डाव्या बाजूला काय काय कोरलंय ते अक्षर न् अक्षर उतरवून पाठव. नंबर चार ठिकाणी असतो, चारही पाठव. नमुना म्हणून माझ्या बाबांचं, तुझ्या फ्लॉइडकाकांचं पिस्तूल घे. १९४३ सालचं, नंबर ७३१२, चारही ठिकाणी तोच. पंच्याण्णव टक्के. माझ्या संग्रहाची सुरुवात त्यानेच झाली. प्रदर्शनात त्यापुढे कार्ड असतं: ‘सार्जंट फ्लॉइड स्टॉफर यांनी ऱ्हाइन नदीकाठी मिळवलेलं.’ मागच्या वर्षी त्याला दुसरा नंबर मिळाला. पहिला गेला ऑकरमन नावाच्या एका दाताच्या डॉक्टरला. त्याचं पिस्तूल सत्तर टक्केसुद्धा नाही, पण सोबत कागद होता. शत्रूचं हत्यार घरी न्यायचं तर सैनिकाला वरिष्ठाच्या सहीचा कागद लागायचा, त्यावर सैनिकाचं नाव आणि हत्याराचा नंबर असायचा. बहुतेक गाढवांनी तो फेकून दिला. कागद असेल तर किंमत तिप्पट.

माझ्या बाबांचा कागद काही सापडत नाही. काकांकडे त्यांचा आहे का, विचार.

वेंडेल


ड्यूवॉल
३० सप्टेंबर १९९१

प्रिय वेंडेल,

कागदाबद्दल बाबांना विचारलं. म्हणाले, “वेंडेलला कागद कशाला हवा?” आणि खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नाही, लाँड्रीची गाडी उभी असते.

पिस्तूल मी कशानेही घासलेलं नाही. (आमची पातेली मात्र शंभर टक्के आहेत. येऊन बघ.) डाव्या बाजूला एसी अशी दोन अक्षरं आणि पुढे ४५ आहे. नंबर २०८६. चारही ठिकाणी तोच, चष्मा पुसून दोनदा पाहिला.

पाटीसाठी गोष्ट लिहून काढली आहे, तुलाही पाठवते. तू लहानपणी ऐकली असशील, पण तेव्हा तुझं लक्ष ताटातल्या भोपळ्याच्या पायवर असायचं.

नोव्हेंबर १९४४. जर्मनीच्या सीमेवरचं जंगल, गुडघाभर चिखल. बाबांचा मित्र लीलंड पोटात गोळी लागून पडलेला. झाडामागून एक जर्मन अधिकारी आला, एक हात वर, दुसऱ्या हातात पिस्तूल उलटं धरलेलं, दांडा बाबांकडे. बाबा मुलांना सांगतात, “तो घाबरला होता, पण चड्डी माझी ओली झाली होती.” मुलं हसतात. बाबा थांबतात, हसून होऊ देतात. मग सांगतात, “लीलंड म्हणाला, मार त्याला. मी नाही मारलं. लीलंड संध्याकाळी गेला. तो अधिकारी अजून जिवंत असेल कुठेतरी. मी बरोबर केलं की चूक, मला अजून ठाऊक नाही.” शाळेत याच्यानंतर कुणी टाळ्या वाजवत नाही. मग मी जेवणाची घंटा देते.

डिसेंबरमध्ये बाबांच्या पायात तोफगोळ्याचं लोखंड शिरलं, नाताळ इंग्लंडच्या इस्पितळात गेला, फेब्रुवारीत घरी.

किंमत तेवढी लवकर कळव.

लॉर्ना


हार्लन
४ नोव्हेंबर १९९१

प्रिय लॉर्ना,

डेन्व्हरला प्रदर्शन आहे, जाताना ड्यूवॉल वाटेत पडतं. अकरा तारखेला मी स्वतः येतो. किंमत लिहून पाठवण्यापेक्षा सगळ्यांसमोर सांगेन. काकांना आधी बोलू नकोस. त्यांना धक्का बसू दे.

वेंडेल


ड्यूवॉल
१८ नोव्हेंबर १९९१

वेंडेल,

एक आठवडा थांबून लिहितेय. आधी लिहिलं असतं तर टपालखात्याने पत्र परत पाठवलं असतं.

तू टाय लावून आलास, सगळ्यांशी हात मिळवलेस, माझ्या भोपळ्याच्या पायचे दोन तुकडे खाल्लेस. संघाच्या क्लिफ नायगार्डने तुझी ओळख करून दिली, “हे आपल्या ऑर्विलचे पुतणे, या विषयातले मोठे जाणकार.” बाबा खुर्चीत ताठ बसले. करडा सूट. तुझ्याकडे बघून इतके खूश झाले होते की मलाच लाज वाटली, इतक्या वर्षांत तुला बोलावलं नाही म्हणून. मग तू खिशातून ते भिंग काढलंस.

“काका, जंगलात तुम्ही कुठल्या साली होता?”

“चव्वेचाळीस. नोव्हेंबर.”

“आणि घरी?”

“फेब्रुवारीत.”

“या पिस्तुलावर पंचेचाळीस कोरलंय. कारखान्यातून निघालं तेव्हा तुम्ही इंग्लंडात बिछान्यात होता. मग हे तुमच्यामागून पोहत आलं का?”

सत्तर माणसं होती तिथे. आधी एक हसला, मग सगळे. क्लिफसुद्धा. तू थांबलास, हसून होऊ दिलंस. कुठे थांबायचं ते तुला बाबांच्या गोष्टीतूनच कळलं असेल, कारण मीच ती तुला लिहून पाठवली होती. ४५ सुद्धा मीच चष्मा पुसून उतरवून दिलं होतं.

काचेची पेटी रिकामीच आहे. क्लिफ म्हणाला, “लॉर्ना, वाईट वाटून घेऊ नकोस, आम्ही तिच्यात गोल्फचा कप ठेवू.” शाळेने पुढच्या वर्षीसाठी दुसऱ्या गावाहून कुणालातरी बोलावलंय. वृद्धाश्रमात जेवणाच्या टेबलावर बाबांना आता नाव पडलंय. “पंचेचाळीस, जरा मीठ सरकवा.” बाबा सरकवतात.

मी त्यांना एकदाच विचारलं, बाबा, पिस्तूल कुठून आणलं? म्हणाले, “गोष्ट खरी आहे.” त्यानंतर जेली कुठल्या रंगाची आली तेही सांगत नाहीत.

पत्रातून मला एकटीला कळवता आलं नसतं का तुला? मी पाटी रद्द केली असती, काहीतरी कारण सांगितलं असतं. तुझ्याकडे ते पत्र ऑक्टोबरपासून होतं.

लॉर्ना

आणि पिस्तूल तू ‘आठवडाभर अभ्यासाला’ म्हणून घेऊन गेलास. आठवडा झाला.


हार्लन
२७ नोव्हेंबर १९९१

प्रिय लॉर्ना,

तुझा राग मी समजू शकतो. पोचे मोजून झाले की लोक मलाही पोचा पाडायला बघायचे.

जरा विचार कर. खोट्या गोष्टीखाली पितळी पाटी बसली असती आणि उद्या एखादा ऑकरमन तुमच्या हॉलमध्ये कॉफी प्यायला शिरला असता, तर? स्टॉफर हे आडनाव आहे, माझ्या पुस्तकावर छापलेलं. तुला एकटीला कळवलं असतं तर तू झाकून टाकलं असतंस. तूच लिहिलंयस तसं. चूक चारचौघांत सांगितली होती, चारचौघांतच दुरुस्त व्हायला हवी. मी काही काकांवर ओरडलो नाही. साल वाचून दाखवलं.

काकांच्या डोक्याबद्दल मात्र तुला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. मी निघालो तेव्हा ते चाकाच्या खुर्चीत गाडीपर्यंत आले होते. त्यांचं पिस्तूल माझ्या हातात होतं, तिकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. विचारत काय होते, तर, “फ्लॉइडचं नीट आहे ना रे? तेल देतोस ना?” मी म्हटलं, देतो. परत तेच. “दांड्यावर डाव्या बाजूला एक ओरखडा आहे, तो घालवू नकोस.” बाबांच्या पिस्तुलावर ओरखडा आहे खरा, वीस वर्षांपूर्वी कधीतरी पाहिला असेल त्यांनी. तीन वेळा विचारलं, तेलाचं. मी त्यांना तीस टक्के म्हणेन, आणि आतून गंज.

पिस्तूल परत पाठवण्यात अर्थ नाही, तुम्ही ते आता ठेवणार कुठे? गोष्ट पडली की किंमतही पडते. एकशे पंचवीस डॉलरचा चेक जोडला आहे. घरचं माणूस म्हणून जास्तच आहे.

थँक्सगिव्हिंगच्या शुभेच्छा. काकांना टर्की बारीक करून दे.

वेंडेल


हार्लन
१६ डिसेंबर १९९१

प्रिय लॉर्ना,

क्लिफ नायगार्डकडून कळलं. (मी त्याला माझं पुस्तक पाठवलं होतं, त्याचे आभार मानताना त्याने खाली लिहिलं होतं.) सहा तारखेला गेले आणि दहाला दफन झालं म्हणे. मला कळवलं असतंस तर मी फुलं पाठवली असती.

सत्तर म्हणजे वाईट नाही. क्लिफ लिहितो की शेवटचे दहा दिवस त्यांनी काही खाल्लं नाही. त्या वयात भूक मरतेच, तू मनाला लावून घेऊ नकोस.

पिस्तुलाची चामड्याची पिशवी तुझ्याकडेच राहिली आहे. तिचा तुला काही उपयोग नाही. टपालखर्च मी देईन.

दुःखात सहभागी,
वेंडेल


ड्यूवॉल
१२ जानेवारी १९९२

वेंडेल,

पिशवी याच पाकिटात आहे. टपालखर्च नको.

बाबा गेले त्या संध्याकाळी अंत्यविधीवाल्यांनी कपडे मागितले. मी करडा सूट काढला, ब्रशने झटकला, आणि आतल्या खिशात काहीतरी करकरलं. एक कागद होता, चार घड्या घातलेला, घड्यांवर कापडासारखा मऊ झालेला. दर अकरा नोव्हेंबरला हाच सूट घालून ते शाळेत जायचे. म्हणजे अडतीस वर्षं गोष्ट सांगताना तो त्यांच्या छातीशी होता. तू भिंग काढलंस तेव्हाही होता.

इंग्लंडच्या इस्पितळातला आहे. तारीख ९ जानेवारी १९४५. खाली कॅप्टनची सही, शाई तपकिरी पडलेली. ‘प्रायव्हेट ऑर्विल स्टॉफर यास पुढील हत्यार घरी नेण्यास परवानगी आहे: जर्मन पिस्तूल एक, क्रमांक ७३१२.’

सावकाश वाच. मीही दोनदा वाचलं, चष्मा पुसून.

मागे पेन्सिलने बाबांच्या अक्षरात लिहिलंय: ‘१४ मे १९५३. फ्लॉइडकडे, रविवारपर्यंत.’

तुझे बाबा युद्धात कॅन्ससच्या छावणीत पाव भाजत होते. हे तुला ठाऊक आहे, कारण तू नऊ वर्षांचा होतास आणि आईबरोबर तिथे जाऊन साखरेचे बन खाऊन यायचास. माझी आई तुमच्या ऱ्हाइनच्या कार्डाबद्दल ऐकून म्हणायची, “ऱ्हाइन? फ्लॉइडने ओहायो नदी तरी पाहिलीय का?” मग बाबा तिला गप्प करायचे. भाऊ होता, एवढंच ते म्हणायचे. का मागितलं नाही परत, मला ठाऊक नाही. तुझे बाबा दर उन्हाळ्यात इथे यायचे, पोटभर जेवायचे, आणि कुठल्याही रविवारी काही आणायचे नाहीत.

मला एवढंच आठवतं की त्या वर्षी शाळेने बाबांना पहिल्यांदा बोलावलं आणि आम्ही दोघं बसने ओमाहाला गेलो. मी सहा वर्षांची होते. सैन्यातलं जुनं सामान विकायचं एक दुकान होतं, तिथे तंबूंचा वास यायचा. बाबांनी एक जड पुडकं घेतलं आणि मला लाल बूट घेतले, आईला सांगायचं नाही म्हणून. मी सांगितलं नाही. साल बघून घ्यावं हे त्यांना कुठून सुचणार? त्यांनी काही पुस्तक लिहिलं नव्हतं.

तुझं पुस्तक मी ग्रंथालयातून आणलं. पान ८८ वर चारही नंबर जुळणारं पंचेचाळीस सालचं पिस्तूल आहे. तू छापलेली किंमत नऊशे आहे. त्यात कुठे गोष्टीचा उल्लेख नाही. तुझा चेक मी वटवलेला नाही, त्यामागे जेलीची पाककृती लिहून वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात लावलाय. लाल जेली.

पान १४ वरही वाचलं: ‘कागद मूळ आणि नंबर जुळणारा असेल, तर अशा जोडीला तोड नाही. माझ्या हयातीत अशा पाचच पाहिल्या.’ आता सहावीबद्दल सांगते.

बाबांना सूट घातल्यावर अंत्यविधीवाले म्हणाले, “खिशात कागद आहे, काढायचा का?” मी हातात घेतला, परत चार घड्या घातल्या, आणि त्यांच्या खिशात ठेवला. वर बटण लावलं. क्लिफ आला होता. संघाने झेंडाही दिला. कुणीतरी मागे पुटपुटलं, “बिचारा पंचेचाळीस.” मी वळून पाहिलं नाही. मला सांगता आलं असतं, कागद तेव्हा दहा फुटांवर होता. पण बाबांनी अडतीस वर्षं तुझ्या बापाची लाज राखली होती, ती त्यांच्या अंत्यविधीला मी उघडी पाडली नाही.

तुला मात्र सांगतेय. तुला एकट्याला, पत्रातून. असंही करता येतं.

दांड्यावरचा ओरखडा लीलंडच्या पट्ट्याच्या कडीचा आहे. पिस्तूल बाबांनी त्याच्या शेजारी ठेवलं होतं, त्याचा हात धरायला म्हणून.

तेल देत जा.

लॉर्ना


हार्लन
१८ जानेवारी १९९२

प्रिय लॉर्ना,

तुझं पत्र मिळालं. मी रात्रभर झोपलो नाही. सकाळी बाबांचं पिस्तूल, म्हणजे ७३१२ क्रमांकाचं पिस्तूल, भिंगाखाली घेतलं. ओरखडा आहे. कडीचा असू शकतो.

बाबांबद्दल तू जे लिहिलंस त्यावर मी वाद घालणार नाही. कार्ड बदलता येतं. नवीन कार्डाचा मजकूर मी करून ठेवलाय: ‘प्रायव्हेट ऑर्विल स्टॉफर यांनी नोव्हेंबर १९४४मध्ये मिळवलेलं.’ तू लिहून पाठवलेली गोष्ट खाली पूर्ण छापू, चड्डीसकट. लोकांना असलं आवडतं. लीलंडचं आडनाव कळव, त्याने वजन येतं. माझे बाबा वारून वीस वर्षं झाली, त्यांना काही फरक पडत नाही. काकांचं मात्र नाव होईल. तुलाही हेच हवं होतं ना? काचेची पेटी मी माझ्या खर्चाने करतो, पितळी पाटीसकट, लाकूड तू म्हणशील ते.

आता कामाचं, आणि घाई आहे म्हणून स्पष्ट लिहितो. काकांची शवपेटी लाकडी होती की धातूची? लाकडी असेल तर वेळ कमी आहे. सूट लोकरीचा होता का? लोकर ओल ओढते. आतला खिसा डावा की उजवा? कागदाच्या घड्या जुन्या रेषांवरच घातल्यास ना? नवी घडी पडली असेल तर दहा टक्के गेले. मागची पेन्सिलची ओळ काळजीचं कारण नाही, मऊ रबराने जाते. नेब्रास्कात मार्चपर्यंत जमीन गोठलेली असते, ही सध्या आपली सर्वांत जमेची बाजू आहे.

मी तुमच्या जिल्हा कचेरीत फोन केला होता. मुलीच्या सहीने अर्ज चालतो, कारण विचारतात पण खोलात जात नाहीत. अर्ज भरून सोबत जोडलाय, फुली मारलीय तिथे सही कर. माणसं मी आणतो. कुणाला कळणार नाही, तसं गावात आता त्यांच्याकडे कोण जातंय?

काकांना त्रास होईल असं काही मनात आणू नकोस. शुक्रवारी वर काढू, रविवारपर्यंत परत ठेवू.

तुझा भाऊ,
वेंडेल